धर्मादा ते धर्मादाय : औषधाचे पैसे कोणी द्यायचे?

१/ जुन्या व्यापारी पेढ्यांच्या हिशेबात मालाच्या किमतीखाली काही किरकोळ रकमा लिहिलेल्या असत : हमाली, तोलाई आणि धर्मादा. हमाली हमालाची, तोलाई तोलणाऱ्याची. मग धर्मादा कोणाचा? गिऱ्हाइकाकडून घेतलेला, व्यापाऱ्याने सांभाळलेला, पण दोघांपैकी कोणाच्याही मालकीचा नसलेला असा तो पैसा. आज पुण्यातील एखाद्या धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णाच्या औषधाचे बिल ज्या खात्यातून फिटते, त्या खात्याचे कूळ या नोंदीत शोधता येते. आजचा धागा त्या प्रवासाविषयी. 🧵

२/ प्रश्न साधा आहे. वैद्याने वा डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली. खिशात पैसे नाहीत. आता औषध कोठून आणायचे? गेल्या दीडशे वर्षांत या शहराने या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. दात्याचे उत्तर वेगळे, कारखान्याचे वेगळे, कायद्याचे वेगळे. एक उत्तर आले म्हणून आधीचे नाहीसे झाले नाही. ही सर्व उत्तरे आजही एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत. म्हणूनच गरजू माणसाला नेमके कोणते दार ठोठवायचे, याचा गोंधळ होतो.

३/ पहिले उत्तर दात्याचे. पुणे स्टेशनजवळचे ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले, ते डेव्हिड ससून यांच्या मोठ्या देणगीच्या आधारावर. बगदादहून मुंबईस आलेले हे यहुदी व्यापारी १८६४ साली पुण्यातच वारले. छावणीतील ‘लाल देवळा’च्या आवारात त्यांची कबर आहे. रुग्णालय पूर्ण झालेले मात्र त्यांना पाहता आले नाही.

४/ ससूनचे नाव निघाले की इतिहासप्रेमींना १२ जानेवारी १९२४ ची रात्र आठवते : येरवड्याचे कैदी महात्मा गांधी, शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक, ऐन वेळी गेलेली वीज आणि कंदिलाचा उजेड. प्रसंग खराच आहे. पण ससूनचा मोठा इतिहास त्या एका रात्रीत नाही. ज्यांची नावे कोणत्याही पुस्तकात आली नाहीत, अशा असंख्य रुग्णांना तेथे औषध मिळाले, हा तो इतिहास. १८७८ साली येथे बी. जे. वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि १९४६ साली तिचे महाविद्यालय झाले.

५/ दात्याच्या उत्तराची एक अडचण आहे आणि ती डोळ्याआड करून चालणार नाही. ससून घराण्याची संपत्ती कापसाइतकीच चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातूनही आली होती. एका देशातील माणसे ज्या मालाने व्यसनाधीन झाली, त्या मालाच्या नफ्यातून दुसऱ्या देशातील माणसांना औषध मिळाले. दानाची इमारत पाहताना दानाचा उगमही पाहावा. त्याने इमारतीचे महत्त्व घटत नाही. इतिहास मात्र पुरा होतो.

६/ दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. दान हे दात्याच्या इच्छेवर चालते. दाता कोठे आणि किती देणार, हे रुग्ण ठरवू शकत नाही. त्या काळी ‘खैराती दवाखाना’ हा शब्द रूढ होता. त्यात कृतज्ञता होती, तसा संकोचही होता. खैरात मागता येते. तिच्यावर दावा सांगता येत नाही.

७/ शिवाय पैसा म्हणजे सर्व मदत नव्हे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी आपला डॉक्टर पुत्र यशवंत यास बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे पोहोचवीत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी उचलून आणले, संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. दवाखाना असणे आणि रुग्ण त्या दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावित्रीबाईंनी दुसरी गोष्ट केली.

८/ हेच काम पुढे एक व्यवसाय म्हणून घडले. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. भारतातील अशी ती पहिली नेमणूक मानली जाते. आज शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असे पद असते. हा शब्द लक्षात ठेवा; पुढे उपयोगी पडणार आहे.

९/ पुण्यातच रास्ता पेठेत १९१२ साली एका लहानशा प्रसूतिगृहाच्या रूपाने के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. १९४४ पासून डॉ. बानू कोयाजी यांनी तेथे काम केले आणि रुग्णालयाचा विस्तार तर केलाच, पण १९७० च्या दशकात वढू परिसरातील खेड्यांपर्यंत आरोग्यसेवाही नेली. गावातीलच बायामाणसांना शिकवून आरोग्यसेवक करावे, हा त्यामागचा विचार होता. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. येथे दाता मागे सरतो आणि संस्था पुढे येते.

१०/ आता दुसरे उत्तर. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. पैसे देण्याची ऐपत नाही, एवढ्या कारणाने कोणीही पुरेशा वैद्यकीय उपचारांपासून वंचित राहू नये, असे तत्त्व त्यात मांडले होते. दोनच वर्षांनी, १९४८ साली, ब्रिटनने राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली आणि औषधेही विनामूल्य दिली. पण १९५२ साली तेथेही औषधांच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग आकार लागू झालाच. त्याआधी दात आणि चष्मे यांवरील आकाराच्या वादात अन्यूरिन बेव्हन या मंत्र्याने राजीनामा दिला होता. श्रीमंत राष्ट्रालाही औषधाचा खर्च झेपत नव्हता, तर नवस्वतंत्र भारताने काय करावे?

११/ भारताने दिलेले उत्तर पिंपरीत उभे राहिले. १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही कंपनी स्थापन झाली. औषधनिर्मितीतील ही देशाची पहिली सार्वजनिक कंपनी. युनिसेफने यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले आणि १९५५ साली येथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. जे औषध तोवर आयात होऊन येत असे, ते आता पुण्याच्या वेशीवर बनू लागले. पुढे याच प्रयोगशाळेत हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले गेले.

१२/ विचारातला फरक पाहा. दाता म्हणतो, ‘तुझ्या औषधाचे पैसे मी देतो.’ पिंपरीचा कारखाना म्हणतो, ‘औषधच इतके स्वस्त करू, की कोणापुढे हात पसरावा लागू नये.’ पहिल्या उत्तरात रुग्णाने आपली गरिबी सिद्ध करावी लागते. दुसऱ्यात तशी गरजच राहत नाही. याच काळात, १९५० साली, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली होती आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. औषधनिर्मितीचे केंद्र म्हणून पुण्याची आजची ओळख त्या दोन दशकांत घडली.

१३/ कारखाना पुरेसा नव्हता. कायदाही बदलावा लागला. १९११ च्या पेटंट कायद्यानुसार औषधावर १६ वर्षे मक्तेदारी मिळे. १९७० चा नवा कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्याने औषध या वस्तूवर पेटंट देणे थांबवले. पेटंट मिळणार ते केवळ तयार करण्याच्या पद्धतीवर आणि तेही जास्तीत जास्त ७ वर्षे. म्हणजे तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवण्यास भारतीय कारखानदार मोकळा झाला. शिवाय १९७० पासून औषधांच्या किमतींवर नियंत्रणाचा स्वतंत्र आदेश आला. त्याच्या सुधारित आवृत्त्या १९७९, १९८७, १९९५ आणि २०१३ साली निघाल्या.

१४/ या धोरणाचे फळ २००१ साली जगाने पाहिले. एचआयव्हीवरील तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला पाश्चात्त्य बाजारात वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने तेच उपचार दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देऊ केले. १ एप्रिल २००४ पासून भारत शासनाने ही औषधे निवडक शासकीय रुग्णालयांतून विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. किंमत उतरली नसती, तर शासनाची ही योजना कागदावरच राहिली असती. आधी किंमत, मग मदत. हा क्रम ध्यानात घ्यावा.

१५/ पण २००५ साली जागतिक व्यापार करारानुसार औषधांवर पुन्हा वस्तू-पेटंट आले. मग २०१२ चे प्रकरण घडले. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील ‘नेक्सावर’ या औषधाला महिन्याला सुमारे २,८०,००० रुपये पडत. बायर कंपनीने बचावात सांगितलेल्या गोष्टींत रुग्ण-साहाय्य योजना हीदेखील होती : गरजूंना आम्ही सवलत देतोच. पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मात्र नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८०० रुपयांवर आली.

१६/ हा निर्णय इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालणारी मदत आणि सर्वांना परवडणारी किंमत या एक गोष्टी नव्हेत, हे त्यातून स्पष्ट होते. गंमत अशी, की परवान्याच्या अटींत नॅटकोवरही एक बंधन होते : दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना हे औषध विनामूल्य द्यावे. म्हणजे स्वस्त किमतीच्या पोटातही धर्मादा आहेच. ८,८०० रुपयेही न परवडणारी माणसे असतात, याची ती कबुली होती.

१७/ आता तिसरे उत्तर. येथून आपण पुन्हा चोपडीकडे वळू. १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला आणि ‘धर्मादाय आयुक्त’ हे पद आले. या अधिनियमाचे ५४ वे कलम थेट धर्मादावर आहे. व्यवहारात प्रथेने धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम व्यापाऱ्याची नव्हे. ती विश्वस्त निधी आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागेल, असे ते सांगते. पिढ्यान्‌पिढ्या सचोटीवर चाललेल्या रिवाजाला कायद्याचे रूप मिळाले.

१८/ याच अधिनियमात १९८० च्या दशकात ४१ कक हे कलम घातले गेले. धर्मादाय रुग्णालयांना शासनाकडून सवलती मिळतात; तर त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, असा त्याचा आशय. कलम खाटांपाशीच थांबत नाही. प्रत्येक विभागात तपासल्या जाणाऱ्या रुग्णांच्या संख्येतही तो वाटा धरलेला आहे. पण कलम असूनही पैशाची व्यवस्था स्पष्ट नव्हती. खाट मोफत दिली, तरी औषधाचे बिल कोणी फेडायचे?

१९/ ते उत्तर न्यायालयातून आले. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने न्यायालयाने एक योजना मान्य केली आणि १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू झाली. योजनेचे हृदय एका खात्यात आहे : ‘निर्धन रुग्ण निधी’. निर्धन आणि दुर्बल घटकांची बिले वगळून उरलेल्या रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने या खात्यात वर्ग करावयाची. एक कोटीची बिले झाली, तर दोन लाख या खात्यात.

२०/ ओळखीचे वाटते ना? देणारा गिऱ्हाईक, सांभाळणारा पेढीवाला आणि मालकी तिसऱ्याची. हा धर्मादाच आहे. चोपडी बदलली इतकेच. फरक एकच आणि तो मोठा आहे. जुना धर्मादा गोशाळेला द्यायचा, अन्नछत्राला द्यायचा की दवाखान्याला, हे व्यापारी ठरवी. हा नवा धर्मादा केवळ रुग्णाचा आहे आणि तो मिळाला नाही तर रुग्णाला धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. खैरातीत जो दावा नव्हता, तो येथे आला.

२१/ औषधांविषयी योजनेतील तरतूद नेमकी आहे. औषधे, साहित्य आणि शरीरात बसवावयाची उपकरणे खरेदीच्या किमतीने धरली जातात, छापील किमतीने नव्हे. निर्धन रुग्णाकडून काहीच घ्यायचे नाही. बिल निधीच्या खात्यावर पडते. दुर्बल घटकातील रुग्णाने मात्र या बाबींच्या बिलापैकी किमान निम्मी रक्कम भरावयाची. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यावे, असेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

२२/ पात्रतेची उत्पन्नमर्यादा २००६ साली निर्धनांसाठी वार्षिक २५,००० आणि दुर्बल घटकांसाठी ५०,००० रुपये होती. ती वाढत जाऊन आता अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० झाली आहे. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते आणि ती कागदपत्रे रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक तपासतात. आठव्या टिपणातील शब्द आठवा. रुग्णालयात गेल्यावर बिलाच्या खिडकीपूर्वी या माणसाची खोली शोधावी आणि ती दाखल होतानाच शोधावी. घरी सोडण्याच्या दिवशी नव्हे.

२३/ याशिवाय शासनाच्या योजना. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे राज्यभर विस्तारलेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पुणे महापालिकेची ‘शहरी गरीब’ योजना आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, जन औषधी केंद्रे आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. औंधचे जिल्हा रुग्णालय या विभागाचे; ससून मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाचे. सामान्य माणसाला दोन्ही ‘सरकारीच’ वाटतात आणि नेमकी तेथे फसगत होते.

२४/ आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वरीलपैकी मोठ्या योजना प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णाचा विचार करतात. शस्त्रक्रिया होते, घरी सोडल्यानंतरच्या मोजक्या दिवसांची औषधेही मिळतात. पण रक्तदाब, मधुमेह, दमा, अपस्मार अशा आजारांत रुग्ण दाखल होत नाही. तो दर महिन्याला औषधाच्या दुकानासमोर उभा असतो. एकदाच येणाऱ्या मोठ्या बिलाला वाली आहे. दर महिन्याच्या लहान बिलाला फारसा नाही. गोळ्या संपल्या की माणूस दिवसाआड घेऊ लागतो, मग बंद करतो आणि शेवटी ज्या खाटेसाठी योजना आहे त्या खाटेवर येऊन पडतो.

२५/ या लहान बिलाचे उत्तर इतिहासात सापडते, ते दात्यापेक्षा पिंपरीच्या बाजूला. दर महिन्याला दाखला घेऊन रांगेत उभे राहणे कोणालाच शक्य नसते. तेथे औषध मुळातच स्वस्त असावे लागते. म्हणून जन औषधी केंद्रातील मूळ नावाचे औषध, महापालिकेचा दवाखाना, शासकीय रुग्णालयाची औषध खिडकी यांचे मोल मोठे आहे. डॉक्टरांना ‘हेच औषध मूळ नावाने लिहून द्याल का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही.

२६/ खुद्द पिंपरीच्या कारखान्याचे पुढे काय झाले? १९९० च्या दशकात तो आजारी उद्योग ठरला आणि २०१६ साली केंद्र सरकारने त्याची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला. ज्या शहराच्या वेशीवर देशातील पहिले सार्वजनिक पेनिसिलिन बनले, त्या शहरात आज खासगी औषधनिर्मिती भरभराटीला आहे आणि तरीही औषधाची चिठ्ठी हातात धरून हिशेब मांडणारी माणसे आहेत. औषध बनणे आणि औषध मिळणे यांतले अंतर कारखान्यांच्या संख्येने आपोआप कमी होत नाही.

२७/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. रविवार पेठेतील, भवानी पेठेतील जुन्या व्यापारी घरांत धर्मादा नोंदवलेल्या चोपड्या अजूनही असतील. तो पैसा कोणत्या दवाखान्याला, कोणत्या वैद्याला, किती वर्षे जात होता, याचा अभ्यास या शहराच्या आरोग्याचा न लिहिलेला इतिहास उलगडू शकेल. आपल्या घरी अशी एखादी चोपडी असेल तर ती रद्दीत देऊ नका.

२८/ आणि परिचयात कोणी औषधाच्या बिलामुळे अडले असेल, तर टिपणे १९ ते २३ त्यांना पाठवा. त्यांना मदत मागायची नाही, स्वतःच्या खात्यातले घ्यायचे आहे, एवढे मात्र आवर्जून सांगा. धागा समाप्त.